हर्नियाच्या ऑपरेशनची जखम भरली, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी आठ महिने दुखतंय. घरचे म्हणतात मनाचं आहे. यावर नवीन संशोधन काय सांगतं? अमेरिकेत आलेली नवीन गोळी मागवावी का?

‘मनाचं आहे’ असं तुमच्या घरात नेमकं कोण म्हणालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे नणंदबाई म्हणाल्या होत्या. नाहीतर एवढं लांब उत्तर लिहायला मी बसले नसते.

आधी तुमचं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण दहांतल्या एकाला असं दुखणं मागे राहतं. सर्जन लोकांना हे चांगलं माहीत असतं, फक्त ऑपरेशनआधी सही घेताना सांगायला कुणाला सवड नसते. तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं जुनाट धरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, ऑपरेशननंतरच्या जुनाट दुखण्याला स्वतःची वेगळी जागा आहे. सोनोग्राफीत काही दिसत नाही याचं नवल नको. सोनोग्राफीत जाळी दिसते, गाठ दिसते, चिडलेली नस बहुतेक वेळा दिसत नाही.

आता आमचे आबा, म्हणजे माझे सासरे. त्यांचंही दुखणं चिडलेल्या नसेचंच. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमची द्राक्षबाग. गोडी छाटणीची गडबड चालू होती आणि आबांच्या डाव्या बरगडीत पाठीपासून पुढपर्यंत आग व्हायला लागली. छातीचं दुखणं म्हणून ईसीजी काढला, तो चांगला. मग पुरळ आलं. बघताक्षणी शेजारच्या काकू म्हणाल्या, नागीण. तेवढं त्यांचं बरोबर होतं.

मी म्हणत होते लगेच गाडी काढा. तोवर सिन्नरहून नणंदबाई आल्या आणि आबांना नागीण उतरवणाऱ्याकडे घेऊन गेल्या. गेरू, मंत्र, पथ्य सगळं झालं. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो ही भीती घरभर. अहो, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मणक्याच्या कडेला नसांच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी येऊन थांबतं. विळखा पूर्ण न होणं हा नागिणीचा स्वभावच आहे, त्याचं श्रेय सगळे मंत्रवाले घेतात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करायच्या असतात. आमचे ते तास गेरूत गेले.

दिवाळीपर्यंत खपल्या पडल्या. नणंदबाई पेढे घेऊन आल्या. दुखणं मात्र होतं तिथेच होतं, उलट त्याची तऱ्हा बदलली. आबांना सदरा सहन होईना. दाबलं तर चालायचं, पण कापड नुसतं घासलं की डोळ्यांत पाणी. थंडीत निफाडचा पारा उतरला की तुम्ही पेपरात वाचता. आमच्याकडे तेव्हा बागेत शेकोट्या पेटवतात. त्या गारठ्यात हा माणूस डावी बाजू उघडी टाकून बसायचा. नणंदबाईंचं म्हणणं, ‘‘वहिनी, आबा असे कधीच नव्हते. तुम्ही फार लाड करता म्हणून.’’ चाळीस वर्षं औषधाची फवारणी केलेला माणूस सुनेच्या लाडाने बिघडला!

याचा उलगडा तसा जुना आहे. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजा झाल्यावर नुसती कातडीतली नस चिडत नाही, मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त तल्लख होतात आणि मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पोचायला लागतो. वस्तीवरच्या कुत्र्याने एकदा बिबट्या पाहिला की पुढे उसाचं पान हललं तरी ते रात्रभर भुंकतं, तसंच. कुत्रं खोटं भुंकत नसतं. त्याला खरंच काहीतरी ऐकू येत असतं.

नाशिकला एका पेनच्या, म्हणजे दुखण्यावरच्या, डॉक्टरांकडे नेलं. हे लोक बहुतेक भूलतज्ज्ञ असतात, तुम्हीही तसाच शोधा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच परत परत जाऊन उपयोग होत नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी आबांना रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलीनची अगदी लहान गोळी दिली. आबांना जरा झोप लागायला लागली आणि तेवढ्यात नणंदबाईंच्या मुलाने मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं. नैराश्यावरचं औषध! झालं. ‘‘बघा, मी म्हणत नव्हते? डॉक्टरलाही कळलं डोक्याचं आहे, तुम्हालाच कळत नाही.’’ माझे मिस्टर नेहमीप्रमाणे बागेत निघून गेले. आबांनी गोळी बंद केली. गावात वेड्याची गोळी घेतो असं नाव नको म्हणून.

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आता देते. १९८२ साली कॅनडात नेमकं नागिणीनंतरच्या दुखण्यावरच हे औषध तपासलं होतं. रुग्णांचं दुखणं कमी झालं आणि उदासी मोजली तर ती होती तेवढीच. बहुतेक जण मुळात उदास नव्हतेच. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणाऱ्या आणि वेदना दाबणाऱ्या वाटा असतात, त्यांना हे औषध बळ देतं. नैराश्यासाठी याचा डोस कितीतरी मोठा लागतो. नणंदबाई, वाचताय ना?

आणि ‘मनाचं’ म्हणजे खोटं, हेही मला मान्य नाही. गेरू लावल्या रात्री आबांना थोडा आराम वाटला होता, हे खरं आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या लोकांना औषध नसलेलं औषध दिलं, काहींना आराम पडला, मग त्यांना अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. विश्वासाने शरीर स्वतःची अफू तयार करतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे मांत्रिकाने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, फक्त ते एका रात्रीपुरतं होतं आणि त्याची दक्षिणा फार होती. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यासोबत स्पष्ट लिहिलं आहे की दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याचा मान राखावा. हे वाक्य छापून फ्रिजवर चिकटवा.

तुमची अमेरिकन गोळी म्हणजे सुझेट्रिजिन, जर्नाव्हॅक्स नावाने ३० जानेवारी २०२५ ला तिकडे मंजूर झाली. वेदना वाहून नेणाऱ्या नसांमधली एक सोडियमची वाट, एनएव्ही १.८, ती बंद करते. मेंदूवर काम नाही, त्यामुळे अफूच्या औषधांसारखी सवय लागण्याची धास्ती नाही, म्हणून एवढा गाजावाजा. पण मंजुरी ताज्या, तीव्र दुखण्यासाठी आहे. पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या जुनाट दुखण्यावर तपासली तेव्हा खोट्या गोळीवाल्यांनाही जवळजवळ तेवढाच फरक पडला. तिकडून कुणाला सांगून मागवू नका.

आबांनी मिस्टरांच्या आग्रहाने अ‍ॅमिट्रिप्टिलीनची गोळी पुन्हा सुरू केली. पूर्ण गेलं नाही, पण सदरा घालून लग्नाला बसतात. चार-पाच जणांना हे औषध द्यावं तेव्हा त्यातल्या एकाचं दुखणं निम्म्याने उतरतं, या क्षेत्रात याला चांगलं औषध म्हणतात. यावरून काय ते समजा.

अजून थोडं राहिलं. आबांची ही गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका; प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचे ठोके यांचा त्रास असेल तर ती नडते, म्हाताऱ्यांना चक्कर येऊन पडायची भीती असते. हर्नियानंतरच्या दुखण्यात जांघेतल्या नसेला भूल देऊन बघतात, त्याने नेमकी कोणती नस ते कळू शकतं, तेवढं विचारा. आणि नणंदबाईंच्या बाजूने एक सांगायला हवं. ७२ तासांत गोळ्या सुरू केल्या की पुरळ लवकर आटोक्यात येतं, पण नंतरचं दुखणं टळतंच असा पक्का पुरावा नाही. खात्रीचं काम लस करते, शिंग्रिक्स, दोन डोस. पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत नागीण ९७ टक्क्यांनी कमी झाली. २०२३ पासून आपल्याकडे मिळते. महाग आहे.

हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवणार असाल तर गेरूचा भाग गाळा, नाहीतर हर्निया उतरवणारा पण कुणाच्या तरी ओळखीचा निघेल.