वाचकांचे प्रश्न : विसरभोळे सॅम्पल, परदेशी वीज आणि गांधाराची जागा

सिंथेसायझर (आवाज घडवणारे यंत्र) आणि सॅम्पलर (ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणारे यंत्र) या दोन्ही नात्यांनी वापरल्या जाणाऱ्या रॅक मॉड्यूलविषयी, म्हणजे स्वतःच्या पट्ट्या नसलेल्या आणि चौकटीत बसवायच्या यंत्रांविषयी, बरीच पत्रे साठली होती. त्यांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका हौशी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. रोलँडचे एक्सव्ही-५०८० हे मॉड्यूल मी वापरलेले विकत घेतले आणि आमच्या ढोलकीवादकाचे बोल संगणकावर ध्वनिमुद्रित करून स्मार्टमीडिया कार्डामार्फत त्यात भरले. त्यांचा पॅच तयार करून जतनही केला. दुसऱ्या दिवशी रंगमंचावर पडद्यावर पॅचचे नाव व्यवस्थित दिसत होते, पण पट्टी दाबली की आवाज मात्र निघत नव्हता. यंत्र बिघडले आहे का? (सांगली)

उत्तर : यंत्र बिघडलेले नाही, ते जसे बनवले आहे तसेच वागले. सन २००० मध्ये आलेल्या या मॉड्यूलमध्ये तीन वेगवेगळ्या स्मृती आहेत आणि त्या एकच आहेत असे समजल्याने हा घोटाळा होतो. कारखान्यातच कोरलेले मूळ ध्वनी कायम राहतात. आपण जतन केलेले पॅच, म्हणजे कोणता ध्वनी कोणत्या फिल्टरमधून आणि कोणत्या चढउताराने वाजवायचा याची टिपणे, आतल्या बटणाएवढ्या सेलच्या आधारावर टिकतात. मात्र बाहेरून भरलेले सॅम्पल ७२ पिनांच्या सिम या मेमरी पट्ट्यांवर राहतात आणि वीज बंद होताच ते पुसले जातात. म्हणून आपल्याला नाव दिसले आणि आवाज आला नाही : टिपण शाबूत होते, ज्याच्याविषयी ते लिहिले होते तो ढोलकीचा बोल नाहीसा झाला होता.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे : यंत्र सुरू केल्यावर दर वेळी सॅम्पल पुन्हा भरणे. कार्डावरून भरण्यास वेळ लागतो, त्यामुळे ध्वनिव्यवस्थेची जुळवाजुळव सुरू असतानाच हे काम उरकावे. एससीएसआय या जुन्या पद्धतीच्या केबल-जोडणीवरील डिस्क यापेक्षा वेगवान असते; फक्त ती केबल यंत्र चालू असताना कधीही काढू-घालू नये, आणि आधी डिस्क व मग मॉड्यूल सुरू करावे. स्मार्टमीडिया कार्डे आता बनत नाहीत. जुनी घेताना ३.३ व्होल्टचीच घ्यावीत आणि ती संगणकावर नव्हे, मॉड्यूलमध्येच फॉरमॅट करावीत. कार्ड एकावर भागत नाही. किमान दोन ठेवावीत आणि सर्व मूळ ध्वनी संगणकावरही असू द्यावेत.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण जत्रेत किंवा गणेशोत्सवात वाजवणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात घ्यावी. वीज गेल्यावर जनरेटरवर जाईपर्यंत जो एक क्षण जातो, तो दिव्यांना चालतो, सॅम्पलच्या स्मृतीला चालत नाही. संगणकासाठी मिळणारा साधा लहान यूपीएस मॉड्यूलच्या आधी लावल्यास भर कार्यक्रमात ढोलकी मुकी होण्याचा प्रसंग टळतो.

स्मृती किती लागेल, हेही मोजता येते. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जाचा एक मिनिट स्टिरिओ ध्वनी साधारण १० मेगाबाइट जागा घेतो. या मॉड्यूलमध्ये जास्तीत जास्त १२८ मेगाबाइट बसतात, म्हणजे स्टिरिओमध्ये सुमारे साडेबारा मिनिटे आणि मोनोमध्ये त्याच्या दुप्पट. ढोलकीचे बोल मोनोत घेतले तरी श्रोत्याला फरक जाणवत नाही. वाचलेली जागा एकच बोल हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन आघातांत नोंदवण्यास वापरावी. यंत्रातली ढोलकी यंत्रासारखी वाटते ती जागेअभावी नव्हे, तर प्रत्येक वेळी तोच एक आघात ऐकू येतो म्हणून.

प्रश्न : जपानहून येताना नातेवाईक माझ्यासाठी एक जुने मॉड्यूल आणत आहेत. इथे फक्त प्लगचा अडॅप्टर लावून ते चालेल का? (पुणे)

उत्तर : कृपया तसे करू नका. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३० ची. फोनच्या चार्जरप्रमाणे हीदेखील कोणत्याही विजेवर चालतील असा समज असतो. प्रत्यक्षात या पिढीतील पुष्कळ मॉड्यूल एकाच व्होल्टेजसाठी बांधलेली असतात आणि ते मागच्या बाजूला, विजेच्या सॉकेटजवळ छापलेले असते. तिथे १०० लिहिले असेल, तर तेवढ्याच व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. बाजारात सहज मिळणारा ११० व्होल्टचा असतो, आणि रात्री आपल्याकडची वीज चढली की तोही ११५ च्या पुढे जातो. अशाने यंत्र लगेच जळत नाही, पण आतले भाग तापत राहतात. ट्रान्सफॉर्मरची क्षमता यंत्रावर लिहिलेल्या वॅटच्या निदान दुप्पट असावी, आणि तो मॉड्यूलच्या शेजारी त्याच रॅकमध्ये ठेवू नये, कारण त्याची गुणगुण ऑडिओच्या तारांत उतरते.

प्रश्न : आमच्या गायिका काळी चारमध्ये गातात. माझ्या एक्सव्ही-५०८० वरील सतारीचा आणि व्हायोलिनचा आवाज त्यांना आवडतो, पण तानपुऱ्याबरोबर गांधार आणि धैवत ‘चढे लागतात’ अशी त्यांची तक्रार आहे. ट्यूनिंग तर ४४० वर अचूक आहे. (रत्नागिरी)

उत्तर : तक्रार रास्त आहे आणि आपले ट्यूनिंगही बरोबर आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग १०० सेंटचा असतो. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ४०० सेंटवर नसून सुमारे ३८६ वर आहे. हा १४ सेंटचा फरक नाट्यगीताच्या भरगच्च साथीत खपून जातो. तानपुरा आणि गळा एवढेच असताना खपत नाही. पेटीवर हाच आक्षेप पूर्वीपासून घेतला गेला आहे, पण पेटीचे सूर कार्यक्रमाच्या मध्ये घासून बदलता येत नाहीत आणि आपल्या मॉड्यूलमध्ये बदलता येतात.

त्यात प्रत्येक पार्टसाठी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांपैकी प्रत्येकासाठी, स्केल ट्यून नावाची बारा आकड्यांची तालिका आहे. प्रत्येक स्वर −६४ ते +६३ सेंट इतका हलवता येतो. आधी सिस्टिम विभागातील स्केल ट्यूनचा स्विच चालू करावा, नाहीतर आकडे भरूनही काही बदलत नाही. काळी चार हा षड्ज धरून शुद्ध स्वर असे लावावेत : काळी पाचचा ऋषभ +४, पांढरी एकचा गांधार −१४, काळी एकचा मध्यम −२, काळी दोनचा पंचम +२, पांढरी चारचा धैवत −१६ आणि पांढरी पाचचा निषाद −१२. कोमल गांधार, म्हणजे पांढरी सात, +१६ ठेवावा. धैवताचा आकडा मात्र मी अंतिम मानत नाही. काही रागांत तो याहून बराच चढा घेतला जातो, तेव्हा तानपुरा लावून गायिकेलाच स्वर धरायला सांगावा आणि आकडा त्यांच्या कानाने ठरवावा.

यात एक खोच आहे. ही तालिका पट्ट्यांना बांधलेली असते, षड्जाला नाही. उद्या दुसरे गायक काळी एकमध्ये गाऊ लागले तर गांधार पांढरी चारवर येतो आणि तिथे आजचा धैवताचा आकडा बसलेला असतो. त्यामुळे प्रत्येक षड्जासाठी वेगळा परफॉर्मन्स (सर्व पार्टची एकत्र मांडणी) जतन करून त्याला ‘काळी चार’, ‘काळी एक’ असेच नाव द्यावे. आणि पाश्चात्त्य कॉर्ड वाजवणाऱ्या पार्टवर ही तालिका लावू नये. तिथे षड्ज सोडून दुसऱ्या स्वरावरचा कॉर्ड लागला की तो कर्कश होतो. समान भागांची तडजोड अशा ठिकाणी उपयोगी पडते, हे तिच्याविषयी न्यायाने म्हटले पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडे अकाईचा एस-३००० एक्सएल हा सॅम्पलर आहे. फ्लॉपी आता मिळत नाहीत आणि ज्या आहेत त्यांना बुरशी लागली आहे. यंत्र काढून टाकावे का? (पणजी)

उत्तर : काढू नका, आणि बुरशी लागलेल्या फ्लॉपी यंत्रात घालू तर अजिबात नका, एक खराब फ्लॉपी हेडवर मळ सोडते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही घेऊन जाते. मूळ ड्राइव्हच्या जागी यूएसबी स्टिकवर फ्लॉपीच्या प्रतिमा ठेवणारा गोटेक हा फ्लॉपी एम्युलेटर बसवता येतो आणि या मालिकेत तो पुष्कळांनी बसवला आहे. मात्र त्याने सोय होते, क्षमता वाढत नाही : एका फ्लॉपीत स्टिरिओ ध्वनीचे आठ-नऊ सेकंदच मावतात, आणि यंत्राची पूर्ण ३२ मेगाबाइट स्मृती भरायची तर वीसेक प्रतिमा एकामागून एक निवडाव्या लागतात. त्यापेक्षा एससीएसआय डिस्कचे काम मेमरी कार्डावर करणारा एम्युलेटर घ्यावा. त्यावर अकाईच्या पद्धतीने प्रत्येकी ६० मेगाबाइटपर्यंतचे विभाग करता येतात. जुन्या फ्लॉपींपैकी ज्या अजून वाचल्या जातात त्या आधी त्यावर उतरवून घ्या, आणि हे काम पावसाळ्यापूर्वी करा.