मैफलीच्या रात्री इंदूरला कुठे खावं?

रवींद्र नाट्यगृहात संध्याकाळचं गाणं आहे आणि आधी-नंतर कुठे खावं, असं विचारलंय ना? आधी अगदी थोडंच खा. छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन एक हॉट डॉग आणि अर्धी शिकंजी, बस्स. इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे हं! दुधाची, घट्ट, केशर-सुक्यामेव्याची असते. अख्खा ग्लास प्यालात तर विलंबितातच, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या संथ लयीतच, डुलक्या लागतील.

खरी भूक सराफा बाजारासाठी राखा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती मिटली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. गाडी राजवाड्याच्या आसपास लावून चालत जा. पहिला मान भुट्ट्याच्या किसाचा: कोवळं मक्याचं कणीस किसून तुपात परततात, दूध घालून शिजवतात, वरून कोथिंबीर, लिंबू. जोशींकडे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, तोही बघाच. थंडी असेल तर गराडू, म्हणजे रताळ्यासारखा कंद, सोडू नका. दोनदा तळलेला, वर जिरावन हा चटपटीत मसाला. जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलबी, चौघांत एकच घ्या. आम्ही एकदा दोघांत संपवायला गेलो, परतीची रिक्षा जड वाटली.