मध हरला तर चालेल का तुला?

प्रिय स्नेहल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आजीच्या घोट्याजवळची जखम दीड वर्ष चिघळत राहिली. हळद झाली, मध झाला, चांदीचं महागडं ड्रेसिंग झालं. शेवटी एका सिस्टरांनी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्या बांधायला घेतल्या तेव्हा कुठे ती भरली. आता तुला ड्रेसिंगची चाचणी घेणाऱ्यांत काम करायचंय. बाबा म्हणतात, सरकारी भरतीची परीक्षा दे. आणि एक संस्था 'नोकरीच्या हमी'सह सहा महिन्यांच्या क्लिनिकल रिसर्च कोर्सचे नव्वद हजार मागते आहे.

आधी शेवटचं निकालात काढू. पैसे भरू नकोस. असले कोर्स डिग्री नसलेल्याला नोकरी देत नाहीत आणि डिग्री असलेल्याला त्यांची गरज नसते. चाचणीचे मूलभूत नियम, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ऑनलाइन फुकट शिकता येतात. संशोधनाचा पाया समजायला चेन्नईच्या एनआयई या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा कोर्स एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर आहे. तो ऐकायला पैसे पडत नाहीत.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. 'मधाचा गुण मला जगाला सिद्ध करून दाखवायचाय.' यावर थोडं थांबूया.

मधाला आपल्याकडचा आधार आहे, हे खरं. सोलापूरचे सर्जन एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचं औषध, आणि मधाच्या जखमा लवकर भरल्या. पण भाजलेली कातडी वेगळी आणि आजीचा घोटा वेगळा. घोट्याच्या जखमेचं मूळ बहुतेकदा आत असतं: शिरांमधल्या झडपा निकामी होतात, वर चढायचं रक्त खाली साचतं आणि त्या दाबापायी कातडी भरून येत नाही. वरून काय लावता याने त्या दाबाला फरक पडत नाही. घट्ट पट्टीने पडतो.

न्यूझीलंडमध्ये मध अशा पायांवर तपासला गेला. ३६८ माणसं, घट्ट पट्टी सगळ्यांना, फक्त आतलं ड्रेसिंग वेगळं. निकाल २००८ साली आला. बारा आठवड्यांत मधाच्या गटात ५५.६ टक्के जखमा भरल्या, नेहमीच्या ड्रेसिंगच्या गटात ४९.७ टक्के. वरवर पाहता मध जिंकला. पण एवढ्या माणसांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, आणि मधाच्या गटात दुखण्याच्या तक्रारी जास्त होत्या. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमधून चांदीच्या ड्रेसिंगचा निकाल आला. २१३ माणसं, बारा आठवड्यांत चांदीच्या गटात ५९.६ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगच्या गटात ५६.७ टक्के. म्हणजे साधं, न चिकटणारं स्वस्त ड्रेसिंग जवळपास तेवढंच चाललं. आजीच्या चांदीवर किती खर्च झाला ते तू लिहिलंयस, म्हणून हे सांगितलं.

म्हणून विचारतो, तुझा मध हरला तर तो आकडा तू तसाच नोंदवशील का? या कामाचा कस तिथे लागतो.

रोजचं काम कसं असतं तेही ऐक. कुठल्या रुग्णाला कुठलं ड्रेसिंग, हे आधीच चिठ्ठ्यांसारखं ठरलेलं असतं. तू तुझ्या मनाने ठरवून उपयोग नाही. नाहीतर आपला हात नकळत नवं ड्रेसिंग लहान, ताज्या जखमेला लावतो, आणि अशा जखमा तशाही लवकर भरतात. घट्ट पट्टीआधी डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघायचा, कारण धमनीच अरुंद झालेल्या पायाला पट्टी आवळली तर पाय गमावायची वेळ येते. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडा गिरवायची, चौकोन मोजायचे. मध वासावरून आणि चिकटपणावरून ओळखू येतोच, म्हणून 'भरली की नाही' हे शक्यतो ड्रेसिंग ठाऊक नसलेला माणूस फोटो बघून ठरवतो. आणि फोन. बारा आठवडे फोन. बीडचा रुग्ण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला की पाचव्या आठवड्याला तो कुठल्या कारखान्याच्या फडावर आहे, हे तुलाच शोधायचं असतं. हे वाचून कंटाळा आला असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

नसेल आला, तर वाट सरळ आहे. रजिस्ट्रेशन झालं की दोन वर्षं सर्जरीच्या ड्रेसिंग ओपीडीत काढ. सरकारी मेडिकल कॉलेजला मिळालं तर उत्तमच, चाचण्या तिथेही चालतात. म्हणजे बाबांशी भांडायचं कारणच उरत नाही. मग चाचणीतली स्टडी नर्स किंवा चाचणीचं काम सांभाळणारी कोऑर्डिनेटर. एम.एस्सी. नंतर करता येईल, पण संख्याशास्त्राशी मैत्री आत्तापासून कर. आणि 'नर्सने फक्त पट्टी बांधायची' असं कुणी म्हणालं तर सांग, न्यूझीलंडच्या त्या मधाच्या चाचणीचे प्रमुख अँड्र्यू जल हे नर्स आहेत. ब्रिटनमधल्या 'व्हीनस' या पायांच्या जखमांवरच्या चाचण्यांमागे असलेल्या निकी कलम याही मूळच्या नर्सच.

या आठवड्यात एवढं कर. आपल्या देशातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या नोंदवहीच्या वेबसाइटवर असते, कुणालाही बघता येते. तिथे पायांच्या जखमांवरची एक चाचणी शोध आणि मला तीनच गोष्टी लिहून पाठव: तुलना कशाशी केली, काय मोजलं, कोणी मोजलं. तुझ्या गावाजवळचं एखादं केंद्र सापडलं तर त्याचं नावही कळव.

आणि आजी दाबाचे मोजे घालतायत ना? जखम भरली की लोक मोजे कपाटात टाकतात, आणि मग ती पुन्हा उघडते.

तुझा,
करिअर मार्गदर्शक