गाडीचं दुखणं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार काका. माझी पेट्रोल गाडी २०१४ सालची आहे. गेल्या महिन्यापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलाय आणि अ‍ॅव्हरेज सतरावरून चौदावर आलंय. मोबाईलला जोडायच्या छोट्या स्कॅनरवर पी-०१३५ कोड येतो. गॅरेजवाले म्हणतात, ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. मी कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे. सेन्सर मागवून घरीच बसवला तर जमेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: फिटर माणसाला पाना कसा धरायचा हे मी साताऱ्यात बसून काय शिकवणार! जमेल की. पण सेन्सरची ऑर्डर आजच देऊ नका.

पी-०१३५ या कोडाचा अर्थ ‘सेन्सर गेला’ असा नाही. पहिल्या सेन्सरच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) अलीकडच्या सेन्सरच्या, हीटर सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच तो सांगतो. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. ते साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर बसवलेला असतो. हीटर बंद पडला की धुराच्या उष्णतेवरच तापायचं, त्याला वेळ लागतो. तोवर कॉम्प्युटर अंदाजानं पेट्रोल सोडतो आणि बहुतेक वेळा जास्तच सोडतो. विश्रामबाग ते कुपवाड अंतर ते केवढं! सेन्सर नीट तापतोय तोवर तुमच्या कंपनीचं गेट येतं. अ‍ॅव्हरेज पडण्यामागं हेही असणार.

हीटरचा दोष तीन ठिकाणी असू शकतो: फ्यूज, वायर किंवा खुद्द हीटर. पहिल्यांदा फ्यूज बघा. मग वायर सुरुवातीपासून शेवटापर्यंत हातानं चाचपा. तुमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, आणि सेन्सरची वायर त्यांना का आवडते देव जाणे. त्यानंतर कनेक्टर सोडवून मल्टीमीटर लावा. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी असतात, बहुधा पांढऱ्या. त्या हीटरच्या. गार सेन्सरवर त्यांच्यात काही ओमच रोध दिसायला हवा, सहसा १५ च्या आत. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, खुशाल नवा मागवा. रोध ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीकडच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर नवीन सेन्सर घालूनही दिवा विझणार नाही.

मागवताना तुमच्याच मॉडेलचा, तयार कनेक्टरवाला घ्या. वायर जोडून घ्यायचा ‘युनिव्हर्सल’ प्रकार मला पसंत नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. डाग देऊन जोड केला की ती वाट बुजते. त्याच कारणानं कनेक्टरमध्ये ग्रीसही भरू नका.

काढायची खरी गंमत गंजात आहे. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, जाड हातमोजे घाला आणि २२ चा पाना लावा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच. वायरीसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. नाहीतर नवा सेन्सर हातात आल्यावर जुन्याची वायर सरळ कापा आणि रिंग पाना घाला. फिक्स पान्यानं कडा गोल केल्या तर पुढं फार कटकट होते. पाना अडखळत फिरतोय असं वाटलं तर पुन्हा थोडं आत घ्या, स्प्रे मारा, पुन्हा बाहेर. तरी हलेना तर थांबा. आटे उपटून आले तर काम वेल्डरकडं जातं.

नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, बहुतेक वेळा कंपनीतूनच लावलेलं येतं. नसेल तर बोटभर लावा, फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. सिलिकॉनचा सीलंट तर आसपासही नको, त्याच्या वाफेनं सेन्सर कायमचा मरतो. पहिले आटे हातानंच धरवा, वायरीला पीळ पडू देऊ नका. टॉर्क ४० ते ५० न्यूटन-मीटर. वायर सायलेन्सरला टेकत नाही ना बघा, मग स्कॅनरवरून कोड पुसा.

प्रश्न: हाच दिवा माझ्याही गाडीत आहे. गाडी पळते चांगली. दिव्याचं कनेक्शनच काढलं तर?
– एक वाचक, मेढा, जि. सातारा

उत्तर: काढू नका. जास्त पेट्रोल जळत राहिलं तर कन्व्हर्टर खराब होतो, आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग. शिवाय हाच दिवा लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, गाडी लगेच बाजूला घ्यायची असते. कनेक्शन काढल्यावर ते तुम्हाला कळणार कुठून? आधी कोड वाचून घ्या आणि मला कळवा.