आईला ‘सीजेडी’ असेल तर नातवंडांना दूर ठेवायचं का?

प्रश्न : आईचं वय ६४. अडीच महिन्यांपूर्वी तिचा तोल जायला लागला, मग माणसं ओळखू येईनात. आता हातपाय दचकल्यासारखे उडतात. डॉक्टरांना ‘सीजेडी’ची शंका आहे. यावर उपाय नाही म्हणतात. घरात कुणाला लागण होईल का? नातवंडांना दूर ठेवावं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नातवंडांना दूर ठेवू नका. जवळ बसल्याने, मुका घेतल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा आईचे कपडे धुतल्याने हा आजार होत नाही. आईला आत्ता स्पर्शाचीच सर्वांत जास्त गरज आहे.

क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, म्हणजेच सीजेडी, वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो. मेंदूत मुळातच असणारं प्रिऑन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. पेशी मरतात, मेंदूला स्पंजासारखी छिद्रं पडतात. इथे जंतू नसतो, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग नाही. बहुतेक रुग्ण वर्षभरात जातात, पुष्कळजण सहा महिन्यांच्या आतच.

पण ‘उपाय नाही’ हे मान्य करण्याआधी, असेच दिसणारे पण बरे होणारे आजार वगळले आहेत का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो आजार) हुबेहूब असाच दिसू शकतो आणि स्टेरॉइडने सुधारतो. त्याच्या अँटिबॉडी रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात तपासतात. बी-१२, बी-१, थायरॉइड, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्याही व्हायला हव्यात. आई मनोविकारासाठी लिथियमची गोळी घेत असेल तर तेही सांगा, कारण तिच्यामुळेही अशी लक्षणं दिसू शकतात.

सीजेडीसाठी एमआरआयमध्ये ‘डिफ्यूजन’ चित्रं लागतात. त्यांत मेंदूची बाहेरची कड किंवा आतले कॉडेट आणि पुटामेन हे भाग उजळ दिसतात. साध्या चित्रांत हे निसटतं, म्हणून जुना एमआरआय ‘नॉर्मल’ असला तरी त्यात ही चित्रं घेतली होती का, ते पाहा. पाठीतल्या पाण्यात चुकीच्या घडीचं प्रिऑन शोधणारी ‘आरटी-क्विक’ चाचणी आज सर्वांत भरवशाची. त्याच पाण्यात तपासलं जाणारं ‘१४-३-३’ हे प्रथिन इतर आजारांतही वाढतं, त्यामुळे नुसत्या त्यावर निदान करू नये.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत आजार आपोआप उद्भवतो. १० ते १५ टक्क्यांत प्रिऑन प्रथिन बनवणाऱ्या पीआरएनपी जनुकातला दोष असतो आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आधी आईचीच जनुक तपासणी करा. दोष सापडला तरी तुम्ही भावंडांनी समुपदेशनाशिवाय स्वतःची तपासणी करू नये, कारण निकाल एकदा कळला की परत घेता येत नाही.

शुश्रूषेत : अंग उडणं क्लोनाझेपाम किंवा लेव्हेटिरासिटामने कमी होतं, मात्रा डॉक्टर ठरवतील. मोठ्या आवाजाने झटका येतो, म्हणून खोली शांत ठेवा. ताठ बसवूनच भरवा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ दाट करून द्या. दर दोन तासांनी कूस बदला. फुफ्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया हेच बहुधा अखेरचं कारण ठरतं. नळीने अन्न द्यायचं की नाही, हे घरच्यांनी वेळीच बोलून ठरवा.

लागणीचा खरा धोका मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या ऊतींशी संपर्क आल्यास असतो. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेआधी निदान सांगा. नेहमीच्या उकळण्याने प्रिऑन मरत नाही, फॉर्मालिन (ऊती जपून ठेवण्याचं रसायन) तर त्याला टिकवतं. शक्य तिथे एकदा वापरून टाकायची उपकरणंच घ्यावीत. आईने नेत्रदानाचा किंवा देहदानाचा अर्ज भरला असेल तर तो रद्द करायला सांगा, कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) प्रत्यारोपणातून लागण झाल्याची नोंद आहे. रक्तदानही नको.

प्रश्न : सीजेडी मटणामुळे होतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. बाधित गुरांच्या मांसातून पसरलेला प्रकार वेगळा. तो १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला आणि तिथे १७८ जणांना झाला. रुग्ण बहुतेक तरुण होते. मेंढ्यांमधला ‘स्क्रेपी’ हा प्रिऑनचा आजार माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.