बरणीतला झोंबणारा वास आणि माझा वाया गेलेला हंगाम

तुम्ही लिहिलंय की गांजाची तिन्ही झाडं कापून पाच दिवस टांगली, फुलोरा हाताला कुरकुरीत लागला म्हणून बरण्यांत भरला, आणि आता झाकण उघडलं की अमोनियासारखा वास नाकात जातो. वाचून पोटात गोळा आला. माझा पहिला हंगाम अगदी असाच गेला.

आधी एक सांगतो. हे फक्त जिथे घरी गांजाची झाडं लावायला कायद्याची परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी आहे. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन झाडं लावता येतात, कॅनडात बहुतेक ठिकाणी घरटी चार. भारतातल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात ‘गांजा’ म्हणजे नेमका हाच फुलोरा, तेव्हा तिथे कुणी हे करून बघू नये. आणि मी डॉक्टर नाही, वकीलही नाही.

आता मुद्दा. फुलोरा बाहेरून कोरडा लागतो तेव्हा आतलं पाणी अजून देठातच असतं. बरणी बंद केली की ते हळूहळू बाहेर येतं आणि एका दिवसात सगळं पुन्हा सादळतं. हवा नाही, ओल आहे, मग जिवाणू कामाला लागतात. तो वास त्यांचाच. इथवर गोष्ट हाताबाहेर गेलेली नसते. माझी खरी चूक पुढची. काही बरण्या ओलसर होत्या, काही कोरड्या. ओल सारखी व्हावी म्हणून मी सगळा माल एका मोठ्या बरणीत एकत्र केला. एका जाड तुऱ्याच्या पोटात करडी बुरशी होती, ती मी फोडून पाहिलीच नव्हती. आठवड्याभरात सगळंच गेलं. चार महिन्यांची मेहनत कचऱ्यात टाकताना काय वाटतं ते मला विचारा.

म्हणून, कृपा करून, बरण्या एकमेकींत मिसळू नका. आजच सगळं बाहेर काढून कागदावर पसरा, अंधाऱ्या, हवेशीर खोलीत. जाड तुरे हाताने उकला. आत करडं, तपकिरी, भुसभुशीत काही दिसलं किंवा कुबट वास आला तर ते टाकून द्या. ‘तेवढाच भाग कापला की झालं’ म्हणणारे भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. नुसता वास असेल, बुरशी नसेल, तर पुन्हा वाळवून बघा. वास पूर्ण जाईलच असं मात्र मी म्हणणार नाही.

पुढच्या वेळी दिवस मोजू नका, देठ मोडून बघा. बारीक देठ वाकला तर थांबा, कट्‌कन तुटला तरच बरणी. साधारण 18 ते 20 अंश आणि 55 ते 60 टक्के आर्द्रता असेल तर बहुतेकदा दहा-बारा दिवस लागतात. पंखा खोलीत फिरू दे, पण थेट फुलोऱ्यावर नको, नाहीतर बाहेरचं कवच सुकतं आणि आत ओल अडकते, तुमचं झालंय तसं. बरणी पाऊण भरा, आत छोटा आर्द्रतामापक टाका. 65 च्या वर गेला की माल बाहेर. पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडायचं, याला सुट्टी नाही.

काढणी कधी करायची, यावरही थोडं बोलतोच. फुलातले तंतू तपकिरी झाले की कापा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्यानेच लोक घाई करतात. भिंगातून राळेचे दाणे बघा, तेही फुलाच्या बोंडावरचे. पानांवरचे दाणे आधी पिकतात, ते फसवतात. पारदर्शक असतील तर थांबा, दुधाळ झाले आणि अधूनमधून मधाच्या रंगाचे दिसू लागले की कातरी घ्या. कातरीला चिकटलेली राळ पाण्याने निघत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

उकलल्यावर आत काय दिसलं ते जरूर कळवा. फोटो टाकलात तर बुरशी आहे की नाही ते मी बघून सांगायचा प्रयत्न करीन, पण शंका वाटली तर माझ्या उत्तराची वाट न बघता टाकून द्या.