८२ व्या वर्षी पित्तनलिकेत खडा: ईआरसीपी झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा: सासरे ८२ वर्षांचे, कावीळ झाली आहे, पित्तनलिकेत १२ मिमीचा खडा. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. डॉक्टर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणं) करा म्हणतात, घरचे म्हणतात आधी झाडपाला देऊन बघू.

झाडपाल्याचं आधी सांगतो. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, म्हणून त्या औषधाला यश मिळालेलं दिसतं. इथे नळीत बूच बसलं आहे. लघवी गडद, शौच पांढरट मातकट आणि अंगाला खाज, ही त्याचीच लक्षणं. थंडी वाजून ताप आला, किंवा ताप नसतानाही म्हातारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तुंबलेल्या पित्तात जंतू झाले असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मग नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, पित्ताला वाट करून द्यावीच लागते.

ईआरसीपीत पोट फाडत नाहीत. दुर्बीण तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, नळीच्या तोंडाला बारीक छेद देतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. १२ मिमीचा खडा बहुधा एका बैठकीत निघतो. रुग्ण फार थकलेला असेल तर छेद न देता नुसता प्लास्टिकचा स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून थांबणंही योग्यच. पित्त वाहतं, कावीळ उतरते, खडा नंतर काढता येतो. वृद्धांच्या बाबतीत मला ही दोन टप्प्यांची वाट जास्त शहाणपणाची वाटते.

क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका. छेद द्यायचा असेल तर साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर हृदयाचे डॉक्टर नको म्हणतील. तेव्हाही नुसता स्टेंट कामी येतो. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तपासलं का, हेही विचारा. पित्त आतड्यात न उतरल्याने व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. त्यासाठी इंजेक्शन असतं.

मुख्य धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. तो कमी करायला गुदद्वारातून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिन ही सूज कमी करणारी औषधं देतात. किडनी कमजोर असेल तर आधीच सांगा. घरी आल्यावर पोटातून पाठीकडे जाणारी कळ, उलट्या, ताप किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर लगेच परत न्या. रक्तस्राव आठवडाभरानेही होऊ शकतो.

दुर्बिणीने जमलं नाही तर यकृतातून सुई घालून बाहेर पिशवी लावतात (पीटीबीडी). तिचा त्रास रोजचा: नळी ओढली जाते, पित्तासोबत पाणी आणि क्षार जातात. पिशवीत रोज किती मिली जमलं ते वहीत लिहा.

स्टेंट टाकलाच तर डिस्चार्ज कार्डावर तो काढायची तारीख लिहून घ्या. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत गाळाने बुजतो. कावीळ उतरली की घरचे विसरतात, आणि रुग्ण पुन्हा थंडी-तापाने भरती होतो. पित्ताशयात आणखी खडे असतील तर पित्ताशय काढायचं का, हे भूल देणारे डॉक्टर तपासून गेल्यावर ठरवा.